तोंड दाबून बुक्क्यांचा मार

एखाद्या प्रकरणावर वरिष्ठांची सही झाली, की नस्तीला दोरी बांधून ती दप्तरखान्यात रवाना करावयाची आणि त्या प्रकरणातील माणसांचे पुढे काय झाले याची चौकशी करावयाची नाही, ही आम्हा कारकुनांची जुनी रीत आहे. ती कचेरीपुरती राहिली असती, तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु सुशिक्षित समाजानेही ती उचललेली दिसते, आणि समलिंगी व पारलिंगी माणसांच्या प्रश्नात तर तिचा अंमल विशेषच जाणवतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी असा निर्णय दिला, की प्रौढ माणसांच्या संमतीने खाजगीत घडणाऱ्या संबंधांना भारतीय दंड संहितेचे ३७७ वे कलम लागू होणार नाही. वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकली, अग्रलेख लिहिले गेले, आणि आपण सर्वांनी समाधानाचा निःश्वास टाकून ती नस्ती बंद केली. आज एखाद्या महाराष्ट्र मंडळाच्या परिसंवादात हा विषय निघालाच, तर "आता त्यांना काय कमी आहे? कायदा झाला, सिनेमे निघाले, मिरवणुकाही निघतात" असे म्हणणारा कोणी ना कोणी भेटतोच.

प्रस्तुत लेखाचा रोख या उद्गारावर आहे. काय कमी आहे ते सांगावयाचे तर दोन गोष्टींकडे बोट दाखवावे लागते. एक, या माणसांच्या वाट्याला शाळेत येणारा छळ. आणि दुसरी, मोठेपणी त्यांतल्या कित्येकांना आपल्याच घरात, आपल्याच जोडीदाराच्या हातून खावा लागणारा मार. पहिल्या गोष्टीला आपण पोरखेळ म्हणतो आणि दुसरीला खाजगी बाब. पहिलीचा विचार शिक्षणखात्याने करावा, दुसरीचा पोलिसांनी, आणि आपण दोहोंपासून चार हात दूर राहावे, अशी आपली सोयीची वाटणी आहे. माझे म्हणणे असे की ही वाटणीच खोटी आहे. या दोन्ही गोष्टी एकाच दोराची दोन टोके आहेत, आणि तो दोर वळण्यात आपल्या सर्वांचे हात लागलेले आहेत.

आपल्या भाषेत 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' अशी एक म्हण आहे. तिच्यात दोन क्रिया आहेत, हे आपण ती वापरताना विसरतो. बुक्के मारणारा एक असतो. तोंड दाबणारा तोच असतो असे मात्र नाही. ज्या माणसांविषयी मी लिहीत आहे त्यांच्या बाबतीत बुक्के मारणारा हात कधी वर्गातल्या दांडगट मुलाचा असतो, कधी जोडीदाराचा. तोंड दाबणारा हात मात्र बालपणापासून एकच आहे, आणि तो आपला आहे.

प्रथम शाळेचा विचार करू. मराठी शाळेत ज्याने दहा वर्षे काढली, त्याला 'बायल्या' आणि 'छक्का' हे शब्द शिकवावे लागत नाहीत. त्यांचा अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी मुलाला त्यांचा उपयोग कळतो. ज्या मुलाची चाल नाजूक, ज्याचा आवाज फुटण्यास उशीर, ज्याला मैदानापेक्षा मुलींच्या घोळक्यात करमते, त्याच्यावर हा शिक्का बसतो. आणि एकदा बसला की मधल्या सुट्टीत त्याचा डबा फेकणे, मुतारीत त्याला कोंडणे, त्याच्या अंगाशी नाही ते चाळे करणे, या सर्व गोष्टींना जणू परवाना मिळतो. मुलींच्या शाळांतून हाच प्रकार कमी आरडाओरड्याने चालतो. तेथे बाकावर शेजारी कोणी बसत नाही, आणि वहीतली चिठ्ठी वर्गभर फिरते. पाठीमागे सारे कुजबुजतात, समोर कोणी बोलत नाही. गुरुजी आणि बाई हे सर्व पाहतात. पुष्कळदा तेही हसतात.

बदलीच्या नोकरीत असलेल्या वाचकांना या छळाचा एक सौम्य प्रकार चांगला ठाऊक आहे. तीन वर्षांनी गाव बदलते, शाळा बदलते; नव्या वर्गात आपल्या मुलाच्या हिंदीची, त्याच्या आडनावाची, डब्यातल्या थालीपिठाची चेष्टा होते. मूल रडत घरी येते, आई त्याला जवळ घेते, बाप दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना भेटतो, आणि महिन्याभरात सर्व सुरळीत होते. असे का होते? कारण बाहेर ज्या गोष्टीसाठी मुलाचा उपहास होतो, त्याच गोष्टीचा घरी अभिमान असतो. मराठीपणाची टर उडवली गेलेले मूल मराठी घरात परत येते. परंतु 'बायल्या' म्हणून ज्याची टर उडवली गेली, ते मूल कोठे परत येते? ज्या घरात बाप दूरदर्शनवरच्या नटाकडे पाहून तोच शब्द उच्चारतो, त्या घरात! भाषेच्या, धर्माच्या किंवा जातीच्या अल्पसंख्य मुलाला निदान आपल्यासारखीच आई असते. या मुलाला घरातही आपल्यासारखे कोणी नसते. म्हणून ते घरी काही सांगत नाही. आणि मुलाने काही सांगितले नाही, याचा अर्थ काही घडले नाही असा करण्यास आपण सदैव तयार असतो.

हे कल्पनेचे खेळ आहेत असे कोणास वाटू नये. युनेस्कोने तामिळनाडूत केलेल्या एका अभ्यासाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. लैंगिक अल्पसंख्य गटांतील जवळजवळ ४०० तरुण माणसांना त्यांच्या शालेय दिवसांविषयी त्यात विचारले होते. माध्यमिक शाळेत असताना शारीरिक मारहाण सोसल्याचे सांगणारे ६० टक्के निघाले. प्राथमिक शाळेतच लैंगिक छळ झाल्याचे ४३ टक्क्यांनी सांगितले. प्राथमिक शाळेतच, हे शब्द वाचकांनी पुन्हा एकदा वाचावेत. शाळेच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार केली ती अवघ्या १८ टक्क्यांनी. आणि ज्यांनी केली त्यांतील बहुतेकांना एक तर 'दुर्लक्ष कर' असा उपदेश मिळाला, नाही तर 'तूच आपल्या चालण्या-बोलण्याची ढब बदल' असा. शाळा सोडावी लागण्यामागे हा छळ हे मोठे कारण होते, असे सांगणारे सुमारे एक तृतीयांश होते. राज्य तामिळनाडू आहे म्हणून आपण हात झटकण्याचे कारण नाही. शब्द तेवढे निराळे असतील. मधली सुट्टी सगळीकडे सारखीच असते.

आता या शाळेने त्या मुलाला काय शिकवले ते पाहा. पहिला धडा असा, की मार बसतो तो मारणाऱ्याच्या दांडगाईमुळे नव्हे, तर माझ्या असण्यामुळे. दुसरा धडा, की तक्रार केली म्हणजे मार थांबत नाही. उलट आणखी चार लोकांना गोष्ट कळते. आणि तिसरा, सर्वांत भयंकर धडा हा, की जोवर गुपित आहे तोवर मी आहे. ज्याच्या हाती माझे गुपित, त्याच्या हाती मी. गणित आणि भूगोल मनुष्य विसरतो. हे तीन धडे विसरत नाही.

पंधरावीस वर्षांनी हेच मूल मोठे होते. नोकरी लागते, परगावी बदली होते, कोणीतरी भेटते, दोघे एकत्र राहू लागतात. बहुतेकांचे संसार आपल्यासारखेच चालतात. गॅसची नोंदणी, पाण्याची वेळ आणि सासरऐवजी माहेरचेच दोन्हीकडचे ताण. परंतु जेथे जोडीदार हात उगारणारा निघतो, तेथे त्याला फारसे काही करावे लागत नाही. शाळेने सर्व तयारी करून ठेवलेली असते. मार माझ्याच दोषामुळे बसतो, ही समजूत तयार आहे. तक्रारीने वाईटच होते, हा अनुभव तयार आहे. आणि गुपित तर त्याच्या हातातच आहे. त्याने इतकेच म्हणावयाचे असते, की "जा पोलिसांत, मीही तुझ्या ऑफिसात जातो. तुझ्या आईला फोन करतो." ज्या बाईला नवरा मारतो तिच्या तोंडून शब्द निघू नये म्हणून नवऱ्याला तिला धाक घालावा लागतो. येथे धाक समाजाने आधीच घालून ठेवलेला असतो. जोडीदार त्याचे व्याज तेवढे खातो.

उत्तरेकडील एका मोठ्या शहरात माझ्या परिचयाचे एक गृहस्थ होते. ते माझ्या कचेरीतील नव्हते आणि मराठीही नव्हते. त्यांच्या हाताच्या बोटाला पट्टी, कधी कपाळावर टाके, आणि कारण नेहमी न्हाणीघरातील निसरडी फरशी. एके दिवशी खरे कारण त्यांनी आपण होऊन सांगितले. "तक्रार का करीत नाही?" या प्रश्नावर त्यांनी दिलेले उत्तर मला अक्षरशः आठवते: "मारामुळे हाड मोडते, साहेब, ते सांधते. त्याने आमच्या विभागप्रमुखांना पत्र टाकले, तर जे मोडेल ते कोठे सांधावयाचे?" निनावी अर्जावर कारवाई करू नये असे सरकारी आदेश आहेत, हे त्यांनाही ठाऊक होते. परंतु आदेश कारवाईपुरता असतो. जेवणाच्या सुट्टीतल्या हसण्याला तो लागू नाही.

हा धाक पोकळ आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी एका मराठी माणसाची आठवण करावी. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मूळचे नागपूरचे, कवी, आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. आपल्या मुलुखापासून इतक्या दूर त्यांनी दोन तपे मराठीची सेवा केली. निवृत्ती जवळ आली असताना, ८ फेब्रुवारी २०१० रोजी, काही माणसे त्यांच्या घरात घुसली आणि त्यांच्या खाजगी आयुष्याचे चित्रण करून बाहेर पडली. घरात घुसणाऱ्यांआधी निलंबन झाले ते प्राध्यापकांचे. वास्तविक दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजीच असे संबंध गुन्हा नाहीत असे म्हटले होते. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली. ७ एप्रिल रोजी प्राध्यापक आपल्या राहत्या घरात मृतावस्थेत आढळले. त्यांना न्यायालयात न्याय मिळाला होता. शेजाऱ्यांत मिळाला नव्हता. त्यांच्यावर पुढे 'अलीगढ' हा हिंदी चित्रपट निघाला आणि आपल्यापैकी अनेकांनी तो पाहून डोळे पुसले. पण तो चित्रपट पाहणाऱ्यांत मार खाणाराही होता आणि मारणाराही होता. मारणाऱ्याने त्यातून एवढाच बोध घेतला असेल, की आपल्या हातातील हत्याराला धार किती आहे!

आता या मुद्द्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा परामर्श घेणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप असा, की दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया म्हणजे बरोबरीचा मामला. त्यांच्यातली मारहाण ही 'हिंसा' नव्हे, ते भांडण. भांड्याला भांडे लागायचेच! या युक्तिवादात शरीराच्या वजनाखेरीज दुसरे कोणतेही वजन गृहीत धरलेले नाही. घर कोणाच्या नावावर आहे, पगार कोणाला आहे, कोणाच्या घरी कळलेले आहे आणि कोणाच्या घरी कळलेले नाही, यांवरून माणसांची बरोबरी ठरते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१० साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीचे या बाबतीतील आकडे २०१३ साली बाहेर आले. जोडीदाराकडून बळजबरी, मारहाण किंवा पाठलाग यांपैकी काही ना काही आयुष्यात वाट्याला आल्याचे भिन्नलिंगी स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांनी, समलिंगी स्त्रियांपैकी ४४ टक्क्यांनी, आणि दोन्हींकडे ओढ असलेल्या स्त्रियांपैकी ६१ टक्क्यांनी सांगितले. पुरुषांत हेच प्रमाण अनुक्रमे २९, २६ आणि ३७ होते. या आकड्यांचा विपर्यास होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे, की दोन्हींकडे ओढ असलेल्या स्त्रियांना मारणारा बहुतेक वेळा पुरुषच होता. म्हणजे समलिंगी घरे अधिक हिंसक असतात असा निष्कर्ष यातून निघत नाही. ती हिंसेपासून मुक्त असतात हा समज मात्र टिकत नाही.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा. घरची भांडणे चव्हाट्यावर आणू नयेत, हे वचन आपण पूर्वी कोणासाठी वापरीत होतो? नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईसाठीच ना? १९८३ साली दंड संहितेत ४९८-अ हे कलम घातले गेले आणि २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराचा स्वतंत्र कायदा झाला, तेव्हा राज्यसंस्थेने स्पष्ट सांगितले, की उंबरठ्याच्या आतला मार हाही मारच असतो. मग तोच उंबरठा काही घरांपुरता पुन्हा उंच का करावयाचा?

तिसरा आक्षेप संस्कृतीचा. या विषयाची उघड चर्चा मराठीला नवी आहे, ती बाहेरून आलेली आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास वाचलेला नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात मोकळी उत्तरे दिली. त्या उत्तरांसाठी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दंड झाला, मासिक मात्र चालू राहिले. ज्या भाषेत नव्वद वर्षांपूर्वी हे धैर्य दाखवले गेले, त्या भाषेच्या वाचकांनी आज संस्कृतीचा आडोसा घ्यावा, हे त्या दोन पुरुषांच्या स्मृतीला शोभत नाही.

चौथा आक्षेप मित्रपक्षाकडूनच येतो, आणि तो मला अधिक अवघड वाटतो. "आधीच समाज आम्हाला विकृत म्हणतो; त्यात आमच्याही घरांत मारहाण होते असे आम्हीच सांगितले, तर विरोधकांच्या हाती कोलीत द्यावयाचे काय?" या भयामागे वेदना आहे, हे मी नाकारीत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क नाकारला. असे असता घरातली फूट दाखवणे आत्मघातकी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण मूठ मिटणाऱ्याच्या सोयीची आहे. मुठीत चिरडल्या जाणाऱ्याच्या नव्हे. ज्या चळवळीने 'लपवू नका' हा मंत्र दिला, तिनेच आपल्यातील मार खाणाऱ्याला 'एवढे मात्र लपव' म्हणावे, हा त्याच्या तोंडावरचा आणखी एक हात झाला.

आता कायद्याकडे वळू. ज्यांना कायदा झाल्याचे समाधान आहे त्यांनी तो जरा उघडून पाहावा. २००५ चा कायदा दाद मागण्याचा अधिकार फक्त स्त्रीला देतो. म्हणजे जोडीदाराचा मार खाणाऱ्या पुरुषासाठी तो नाही. स्त्रीला मारणारी स्त्री असेल तर? मूळ कायद्यात 'प्रौढ पुरुष' असे शब्द होते, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली काढून टाकले, हे चांगले झाले. परंतु संबंध 'विवाहसदृश' असला पाहिजे ही अट राहिली, आणि विवाहसदृश म्हणजे काय हे २०१० सालच्या एका निकालात सांगितले गेले आहे: दोघे एरवी कायदेशीर विवाहास पात्र असली पाहिजेत. २०२३ च्या निकालाने दोन स्त्रियांना ती पात्रता नाही. दार उघडे आहे, पण उंबरठ्याआड भिंत आहे!

बळजबरीचे तर विचारूच नये. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली, तेव्हा जुने ३७७ वे कलम संपूर्ण गळले. संमतीच्या संबंधांपुरते ते २०१८ सालीच निष्प्रभ झाले होते. उरले होते ते बळजबरीपुरते, आणि तेवढेच आता गेले. नव्या संहितेतील बलात्काराची व्याख्या पुरुषाने स्त्रीवर केलेल्या कृत्यापुरती आहे. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, २०१२ चा बालकांचा कायदा दोघांनाही रक्षण देतो; पण एकोणिसाव्या वर्षी त्या मुलावर जोडीदाराने बळजबरी केली, तर ठाणेदाराला साध्या दुखापतीच्या कलमांत चाचपडावे लागते. आणि पारलिंगी व्यक्तींसाठी संसदेने २०१९ साली जो कायदा केला, त्यात लैंगिक अत्याचारासाठी ठेवलेली शिक्षा होती सहा महिने ते दोन वर्षे. स्त्रीवरील बलात्काराला त्या वेळी किमान शिक्षा दहा वर्षांची होती. दुःखाची मोजमापे शरीराप्रमाणे बदलतात, असे कायद्यानेच म्हटल्यावर शिपायाला दोष काय द्यावा?

यातील विसंगती आम्हा सरकारी नोकरांच्या ध्यानी चटकन यावी अशी आहे. २०२४ साली केंद्र सरकारने राज्यांना कळवले, की अशा जोडप्याला शिधापत्रिकेसाठी एकाच घरातील समजावे. बँकांत त्यांना संयुक्त खाते उघडता येईल व एकमेकांना नामनिर्देशित करता येईल, असाही खुलासा झाला. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु मग असे झाले, की तांदूळ घेताना ती दोघे एक घर, ठेव ठेवताना एक घर, आणि एकाने दुसऱ्याचे डोके फोडले की मात्र दोन परकी माणसे! ज्या सरकारी भाषेने त्यांना धान्यासाठी कुटुंब म्हटले, तिला संरक्षणासाठी तोच शब्द उच्चारता येऊ नये?

कायदा बदलणे संसदेच्या हाती आहे, आणि तो बदलला पाहिजे अशी मागणी करणे आपल्या. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात एकत्र राहणाऱ्या कोणाही प्रौढ जोडीदाराला स्थान असावे. बळजबरीच्या गुन्ह्यात पीडित व्यक्तीचे लिंग विचारले जाऊ नये. त्याने बायकांच्या संरक्षणाला धक्का लागेल अशी भीती काही जाणत्या स्त्रिया व्यक्त करतात, आणि ती विचारात घेतलीच पाहिजे. नवऱ्याने बायकोवर उलट तक्रार ठोकावी म्हणून हे दार उघडावयाचे नाही. पण शब्दरचना काळजीपूर्वक करावी लागेल, हे मसुदाच न करण्याचे कारण होऊ शकत नाही. मसुदे करणे हा तर आपल्यातील कित्येकांचा रोजचा व्यवसाय आहे.

मात्र कायद्यापूर्वीचे काम शाळेत आहे, आणि तेथे आपण काय केले ते पाहण्यासारखे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२१ साली पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी एक पुस्तिका तयार केली. तिच्यावर आक्षेप आला, आणि अवघ्या काही दिवसांत ती संकेतस्थळावरून नाहीशी झाली. पुस्तिकेत उणिवा असतील. त्या दुरुस्त करता आल्या असत्या. परंतु उणिवा दुरुस्त करणे वेगळे आणि विषयच उचलून फडताळात टाकणे वेगळे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून होणारा छळ स्पष्ट शब्दांत घातला. उत्तम केले. पण ज्या मुलाचा छळ चौथीत सुरू होतो, त्याला हे संरक्षण मिळण्यास महाविद्यालयाची पायरी चढावी लागावी? तोवर त्याने शाळाच सोडली, तर कोणत्या पायरीवर तो आपल्याला भेटणार?

याच्या अगदी उलट उदाहरण मद्रास उच्च न्यायालयाचे आहे. दोन तरुणींचे प्रकरण न्या. आनंद व्यंकटेश यांच्यासमोर आले, तेव्हा हा विषय आपल्याला नीट समजलेला नाही असे जाहीरपणे सांगून ते एका मानसशास्त्रज्ञाकडे समजून घेण्यासाठी गेले, आणि मग ७ जून २०२१ रोजी पोलीस, डॉक्टर, तुरुंग, शाळा अशा सर्वांसाठी सूचना दिल्या. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला जे शिकण्यात कमीपणा वाटला नाही, ते शिकण्यात इयत्ता पाचवीच्या वर्गशिक्षकाला किंवा एखाद्या अवर सचिवाला कमीपणा का वाटावा?

कोणी म्हणेल, शाळेत चिडवले गेलेले सगळेच का पुढे मार खातात? नाही; आणि माझे म्हणणे तसे नाही. कित्येक त्यातून ताठ उभे राहतात. काही जण स्वतःच हात उगारणारे होतात, कारण शाळेने त्यांना दुबळ्याचे काय होते हे नीट दाखवलेले असते. त्यांच्या कृत्याला मी क्षमा मागत नाही. मार खाल्लेल्याला मारण्याचा हक्क मिळत नाही. माझे म्हणणे एवढेच, की ज्याने मार खाल्ला त्याला ओरडता आले पाहिजे, आणि ओरडता येणे ही गोष्ट मनुष्य लहानपणी शिकतो किंवा कधीच शिकत नाही.

म्हणून परमुलुखात राहणाऱ्या आपल्या वाचकांसमोर काही साध्या गोष्टी ठेवतो. आपले मूल ज्या शाळेत जाते तेथील पालकसभेत गुणपत्रिकेखेरीज एक प्रश्न विचारा: मुलाच्या चालण्या-बोलण्यावरून त्याला कोणी छळले, तर तक्रार कोणाकडे करावयाची, आणि तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त राहते काय? उत्तर नसेल तर पुढच्या सभेत पुन्हा विचारा. घरात तो शब्द उच्चारू नका. आपले मूल तसे नाही अशी खात्री असली तरीही उच्चारू नका, कारण ते मूल दुसऱ्या दिवशी तो शब्द शाळेत घेऊन जाते. कचेरीत एखाद्या सहकाऱ्याविषयी पत्र आले किंवा कुजबुज आली, तर ती आपल्या टेबलावर थांबवा. पुढे सरकवण्याचे काम तेवढे आपले नाही. आणि महाराष्ट्र मंडळात परित्यक्ता स्त्रियांसाठी, वृद्धांसाठी आपण जसे दूरध्वनीचे क्रमांक आणि डॉक्टर-वकिलांची नावे फलकावर लावतो, तशी यांच्यासाठीही लावा. परक्या शहरात मार खाल्लेल्या माणसाला रात्री अकरा वाजता आपल्या भाषेत बोलणारे एक दार हवे असते. ते दार मंडळाचे असू शकते.

या गोष्टींनी सर्व हिंसा थांबेल असा दावा कोणी शहाणा मनुष्य करणार नाही. परंतु धाक कमी होईल. सहकारी हसणार नाहीत आणि आई तोंड फिरवणार नाही, अशी ज्याला खात्री आहे, त्याला "सगळ्यांना सांगेन" ही धमकी देता येत नाही. धमकी देणाऱ्याचे हत्यार त्याच्या हातून काढून घेण्यास पोलीस लागत नाहीत. ते ज्या भट्टीत घडते ती भट्टी विझवावी लागते. ती भट्टी आपल्या वर्गांत, दिवाणखान्यांत आणि जेवणाच्या सुट्टीत पेटलेली आहे.

बुक्के कोणी मारले याचा निवाडा न्यायालय करील. तोंडावरचा हात मात्र आपला आहे, आणि तो काढून घेण्यास कोणत्याही कायद्याची, परिपत्रकाची किंवा वरिष्ठांच्या मंजुरीची आवश्यकता नाही.